किनवटच्या बाजारात ट्रफलच्या शोधात

नांदेडहून आदिलाबादच्या गाडीत बसलं की भोकरपर्यंत सोयाबीन आणि कापूस, हिमायतनगरच्या पुढे मात्र साग सुरू होतो. ऐन पावसाळ्यात डबाभर हिरवा उजेड असतो. मराठवाडा म्हटलं की टँकर आठवणाऱ्यांनी हा रस्ता एकदा करावाच.

सोबत मावसभाऊ होता. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात तो आचारी आहे (त्याला 'शेफ' म्हटलेलं आवडतं). बस्तरच्या सालवनात पाऊस सुरू झाला की मातीखाली बोडा नावाची खायची बुरशी मिळते आणि हंगामाच्या तोंडाला ती हजारांच्या भावात जाते. तसलं काही आपल्या किनवटच्या रानात निघतं का, हे त्याला बघायचं होतं.

त्याच्या डोक्यात सारखा ट्रफल, युरोपातला बोड्यासारखाच पण फार महागडा प्रकार. गाडी सुटल्यापासून तोच विषय. ही बुरशी ओक, हेझलनट अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढते. वारा लागत नाही म्हणून बीज पसरायचं काम प्राण्यांवर सोपवते, आणि त्यासाठीच तिचा तो वास. पूर्वी डुकरीण घेऊन शोधायचे. पण डुकरीण सापडलेला ट्रफल स्वतःच खाते आणि मुळंही उकरून टाकते. इटलीने १९८५ साली डुकरांवर बंदी घातली, आता कुत्री फिरतात. काळ्या ट्रफलच्या बागा लावता येतात. इटलीतल्या अल्बाच्या पांढऱ्या ट्रफलने मात्र शेतकऱ्याला अजून फारशी दाद दिलेली नाही. २००७ साली मकावच्या एका कॅसिनोमालकाने दीड किलोच्या पांढऱ्या ट्रफलसाठी ३,३०,००० डॉलर मोजले होते. हा आकडा ऐकून समोरच्या बाकावरचे आजोबा नीट सावरून बसले.

"आणि संभाजीनगरात तीनशे रुपयांत ट्रफल फ्राईज मिळतात त्या?" मी विचारलं. भाऊ हसला. त्यातल्या तेलात बहुतेक वेळा ट्रफल नसतोच. त्याच्या वासातलं एक गंधकयुक्त रसायन कारखान्यात बनवून तेलात मिसळतात. माझ्या मते ही सरळ सरळ फसवणूक आहे, पण बटाटे तळलेले असतात म्हणून लोक खुशीत खातात.

किनवटच्या बाजारात आदल्या रात्रीच्या पावसाचा चिखल होता. एका कडेला तीन-चार बाया सागाच्या पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसल्या होत्या. लांब देठाची, टोकाला अजून न उमललेली अळंबी. वाटा दीडशेला, आणि घासाघीस जवळजवळ नाहीच.

"मावशी, कुठं सापडली ही?"

"रानात."

"कोणत्या रानात?"

"रानातच की, दादा." शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली.

ती सांगणार नव्हतीच. ही अळंबी उधईच्या वारुळातून उगवते. उधई पालापाचोळा आत नेऊन त्यावर बुरशी जोपासते, तीच पावसात मातीतून वर डोकं काढते. वारूळ शाबूत असेल तर बहुधा दर वर्षी त्याच जागी. म्हणजे जागा ठाऊक असणं हीच मिळकत, आणि ती घरातल्या घरात राहते. भाऊ म्हणाला, इटलीतले ट्रफलवाले कुत्रा घेऊन रात्रीच निघतात, तेही याचसाठी.

त्याचा बोडा मात्र इथे नव्हता आणि निघणारही नाही. बोड्याला साल लागतो, ट्रफलला ओक. सागाच्या मुळांशी जमते ती बुरशी वेगळ्या कुळातली, तिला असलं फळ धरतच नाही. पण हातातल्या अळंबीने तो पुरता पाघळला. लगेच हिशेब सुरू: बर्फाची पेटी, रात्रीची गाडी, सकाळी पुणे. "मावशी, रोज पाच किलो द्याल का?"

"रोज कुठून येतील? वीज कडाडली की येतात."

अरबस्तानातल्या वाळवंटी ट्रफलबद्दल तिथले लोकही हेच सांगतात. ते मी त्याला ऐकवलं, पण त्याचं लक्ष वाट्यातल्या अळंबीकडे होतं. सकाळी मिटलेली होती, दुपारपर्यंत छत्र्या उघडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यात अळ्या होतात. ट्रफल निदान आठवडाभर टिकतो, म्हणून त्याला विमानाचं भाडं परवडतं. इथला माल संध्याकाळच्या आत तालुक्यातच खपायला हवा, आणि खरं सांगायचं तर मला त्यात काही वाईट वाटलं नाही. पुण्याची गिऱ्हाइकं आली तर दीडशेचा वाटा इथल्या कुणाला मिळणार?

स्टँडजवळच्या खानावळीत बाईंनी आम्हाला अळंबी करून दिली. भावाला ती नुसत्या लोण्यावर हवी होती. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तेल, कांदा, लसूण, तिखट आणि वर ज्वारीच्या भाकरी. चव कोंबडीच्या रश्श्याजवळ जाणारी, पण चावायला तिच्याहून मऊ. भावाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि लोण्याचं नाव काढलं नाही.

जायचं असेल तर आषाढ-श्रावणात, दोन-तीन दिवस चांगला पाऊस झाल्यावर जा. वाटेत पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे, पुढे माहूरची रेणुका. बाजारात सकाळी लवकर पोचा. आणि रानात दिसली म्हणून स्वतः तोडून खाऊ नका, विषारी जाती हुबेहूब दिसतात, विकणाऱ्या बाईला "घरी तुम्ही हीच खाता ना?" एवढं विचारून मगच वाटा उचला.