माझा गुडघा, भाच्याचं मनगट

माझ्या उजव्या गुडघ्यात प्लेट आहे. 2023 च्या पावसाळ्यात कात्रजजवळ टेम्पोनं मागून स्कूटर उडवली, तेव्हापासून. शिवाजीनगर कोर्टात अपघाताचा क्लेम टाकायला गेलो, तर वकिलांनी दुखतंय का वगैरे काही नाही, थेट जन्मतारीख विचारली. "अठ्ठेचाळीस? म्हणजे तेरा."

हा तेरा आला सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातून. 46 ते 50 वयाला 13 नं गुणायचं, वयाची एक्कावन्न झाली की 11 नं. कशाला गुणायचं, तर वर्षाच्या कमाईतला जेवढा हिस्सा अपंगत्वामुळे बुडाला त्याला. डॉक्टरांनी पायाला 30 टक्के लिहून दिले होते. पण मी पडलो बँकेत खुर्चीवर बसणारा, म्हणून कमाईचं नुकसान धरलं 10 टक्के. हमाली करत असतो तर जास्त धरलं असतं. पुणे काय नि पाटणा काय, तक्ता एकच. वळताना मी इंडिकेटर दिला नव्हता, त्याचे 20 टक्के कापून लोक अदालतीत मिटवलं. कापले ते बरोबरच होतं, उगाच कशाला खोटं बोला.

म्हणून भाच्याचा फोन आला तेव्हा मी मोठ्या अनुभवी माणसासारखा बोललो. तो राहतो फोर्ट मिलला, साउथ कॅरोलिनात, आणि कोथरूडहून हिंजवडीला जावं तसा रोज कामाला जातो शार्लटला, नॉर्थ कॅरोलिनात. शार्लटच्या एका सिग्नलला समोरून वळणाऱ्या गाडीनं त्याला ठोकलं. मनगटाची दोन ऑपरेशनं झाली. विमा कंपनीच्या माणसानं गोड आवाजात स्पीड विचारला, यानं सांगून टाकलं, बेचाळीस मैल. हद्द पस्तीसची.

"वीस टक्के जातील, जाऊ देत," मी म्हटलं.

"मामा, इथं सगळेच जातात."

नॉर्थ कॅरोलिनात जखमी माणसाची थोडी जरी चूक अपघाताला कारण ठरली, तरी भरपाई शून्य होऊ शकते. व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामातही तसंच. शेजारच्या साउथ कॅरोलिनात मात्र चूक निम्म्यापर्यंत असली तर तेवढी कापून बाकीचे देतात. कॅलिफोर्नियात तर 90 टक्के चूक तुमची असली तरी उरलेले दहा मागता येतात. आणि भाचा राहतो कुठे हे कोणी विचारत नाही. अपघात झाला त्या जागेचा कायदा लागतो.

प्रकरण कोर्टात गेलंच नाही. गेलं तर हातात भोपळा येईल ही भीती दोन्ही बाजूंना ठाऊक, म्हणून समोरच्यानं आकडाच तेवढा किरकोळ टाकला. वकिलाची फी आणि फिजिओ सुटले.

ताईला हे काही केल्या पटेना. "काही मैलांनी एवढा फरक? मग तिथं पाटी तरी लावायची!"

"आहे की," भाचा म्हणाला. "साउथ कॅरोलिनात आपलं स्वागत आहे."