गाडीतली टकटक, ठिबकची नळी आणि तापीचा पूल

आमची गाडी २००९ सालची आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे आणि गिअर अलगद पडतो. मात्र गेल्या दोन वर्षांत गाडीच्या आतले आवाज इतके वाढले होते की, मागे बसलेल्या आईला काही विचारायचे तर आवाज चढवूनच विचारावे लागे. मी ज्यांच्याकडे गाडी दुरुस्तीला नेतो ते आबा म्हणाले, "भाऊ, गाडीचं वय झालं, आता आवाज तर येणारच." आबांच्या हाताला गुण आहे आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे, तरी त्यांचे हे म्हणणे मला पटले नाही. दोन वस्तू एकमेकींना लागतात म्हणून आवाज येतो, आणि त्या दोन वस्तू कोणत्या हे सापडले की तो थांबवता येतो.

सर्वांत आधी एक गोष्ट करून घ्यावी. आवाज गाडीच्या आतला आहे की खालचा, हे ठरवावे, कारण खालचा आवाज हा सुरक्षिततेचा प्रश्न असतो. आबांनी गाडी उचलून चाकांजवळचे सांधे, म्हणजे लिंक रॉड, बुश आणि बॉल जॉइंट हलवून पाहिले, तेव्हा एक लिंक रॉड खरोखरच झिजलेला निघाला. तो बदलल्यावर खड्ड्यातली जड धडधड गेली. टायरमध्ये हवा जास्त भरलेली असली तरी प्रत्येक हादरा आत पोहोचतो, म्हणून तीही तपासली. स्टेपनीखालचा जॅक आणि पाना जुन्या गोणपाटात गुंडाळून घट्ट बसवले, दारांच्या कप्प्यांतली नाणी व बाटल्या काढल्या, मागच्या सीटमागची फळी (पार्सल ट्रे) काढून घरी ठेवली. एवढ्याने अर्धे आवाज संपले.

उरलेल्यांसाठी मला आपल्या भाषेचाच मोठा उपयोग झाला. खुळखुळ म्हणजे पोकळीत काहीतरी सुटे पडले आहे. टकटक म्हणजे दोन कडक भागांत फट आहे. करकर म्हणजे दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर घासत आहेत. ते क्षणभर चिकटतात, मग सुटतात आणि पुन्हा चिकटतात. गाडी उभी असताना इंजिनाच्या ठरावीक वेगालाच भुणभुण येत असेल, तर एखादा पातळ पत्रा किंवा कव्हर त्या कंपनाला साथ देत असते. आवाजाला नेमके नाव देता आले की शोधाची जागा निम्म्याने कमी होते.

दुसरी खूण वेळेची. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्याही खाली येतो. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांपुढे तापतो. प्लास्टिक लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी जास्त प्रसरण पावते, त्यामुळे लोखंडी चौकटीवर बसवलेल्या सव्वा-दीड मीटरच्या डॅशबोर्डात हा फरक काही मिलिमीटरचा होतो. माझ्या गाडीत हिवाळ्यात सकाळी येणारी टकटक दुपारी आपोआप बंद पडे, याचा अर्थ थंडीत आकसून फट उघडत होती. उलट उन्हाळ्यातली करकर दुपारीच सुरू होई, कारण फुगलेली डॅशबोर्डची कड शेजारच्या भागावर दाबली जात होती. एकच गाडी, पण दोन ऋतूंतली दोन वेगळी दुखणी. म्हणून जो आवाज ज्या वेळी येतो, त्याच वेळी तो शोधायला बसावे.

जागा सापडवण्याचे काम मात्र एकट्याचे नाही. चालवणाऱ्याचे कान फसतात, कारण कडक प्लास्टिक आवाज लांबवर वाहून नेते आणि समोरची काच तो परतवते. मी पुतण्याला शेजारी बसवले आणि त्याच्या हातात शेतातल्या ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा हातभर तुकडा दिला. एक टोक कानाशी, दुसरे डॅशबोर्डवर फिरते. रस्ता निवडला तो विदगावजवळच्या तापीच्या पुलाचा, कारण पुलावरचे सांधे ठरावीक अंतराने येतात. ताशी तीसच्या वेगाने गेले की एकसारखे हादरे बसतात आणि प्रत्येक हादऱ्याला नळी थोडी सरकवता येते. मला छातीठोकपणे वाटत होते की टकटक काचेजवळच्या खांबातून येते. तिसऱ्या फेरीला पुतण्या म्हणाला, "काका, वर नाही, इथे खाली आहे," आणि त्याने ग्लोव्ह बॉक्सवर तळहात दाबला. आवाज थांबला. हात काढला, पुन्हा सुरू झाला.

घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स उतरवला. मागे आपल्या काळ्या मातीच्या धुळीचा सारखा थर बसलेला होता, आणि त्या थरात बोटाच्या पेराएवढी एकच जागा स्वच्छ पुसलेली, चकचकीत दिसत होती. तिच्या बरोबर समोर तारांचा एक कप्लर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा तुकडा, लोंबकळत होता. पूर्वी एका दुकानातून गाणी ऐकण्याचा टेप बसवून घेतला होता, तेव्हा जास्तीच्या तारा न बांधताच आत कोंबलेल्या होत्या. अशी पुसलेली जागा किंवा घासून पडलेली पांढरी भुकटी दिसली की आणखी पुरावा लागत नाही.

कप्लरला वायरिंगची कापडी टेप गुंडाळली आणि तो मूळ तारांच्या जुडग्याला बांधला. इथे साधी काळी इन्सुलेशन टेप वापरू नये. आपल्या उन्हात तिचा गोंद पाझरतो आणि वर्षभरात सगळे चिकट होते. स्वस्त स्पंजही वाळून चुरा होतो. डॅशबोर्डच्या कडेला फेल्टची (नमद्यासारख्या मऊ कापडाची) पातळ पट्टी सरकवली, तशी करकर गेली. दारांच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावले. इंजिन ऑइल लावण्याची सवय अनेकांना आहे, पण त्याने ते रबर फुगते. स्क्रू आवळताना जोर करू नये, आतला प्लास्टिकचा खुंट तुटला की नवा आवाज जन्माला येतो. दाराच्या आतले आवरण (डोअर पॅड) काढायचे असेल तर नव्या क्लिपा आधी आणून ठेवाव्यात, कारण जुन्या कडक होऊन तुटतातच.

माझ्या गाडीत एअरबॅग नाही. आपल्याकडे नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि अनेक जुन्या गाड्यांतही ती असते. अशा गाडीत स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरला हात लावू नये. ते काम जाणकारावरच सोडावे.

आता मागच्या डाव्या काचेची हलकी खुळखुळ तेवढी ऐकू येते. काच अर्धी खाली केली की ती वाढते, पूर्ण वर केली की थांबते. म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते तिथले फेल्ट झिजले आहे. आबांना ते सांगितले, तेव्हा त्यांनी नळीचा तुकडा मागून घेतला आणि स्वतः मागच्या सीटवर बसून दाराला लावला. नवे फेल्ट त्यांनीच मागवले आहे.