फ्रंट लोड मशीन वर उचलायचं का? ड्राय बाल्कनीतला हिशेब

पुण्यात फ्रंट लोड (समोरून दार असलेलं) वॉशिंग मशीन घेतलं की ते जाणार ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याभांड्याच्या बाल्कनीत, आणि बसवायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारणार, "स्टँड घेतलाय ना?" बऱ्याचदा दुकानदाराने तो बिलात आधीच धरलेला असतो. पण पैसे देण्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात: मशीन किती वर घ्यायचं, आणि कशावर ठेवायचं. लोक पहिलीवर चर्चा करतात आणि फसतात दुसरीत.

आपल्याकडचं नेहमीचं मशीन ६० सेंमी रुंद आणि ८५ सेंमी उंच. दाराची खालची कड जमिनीपासून ३०-३५ सेंमीवर येते. ७ किलो कपडे पिळून झाल्यावरही १० किलोच्या आसपास भरतात, आणि ते सगळे वाकूनच बाहेर काढायचे. घरात कुणाचे गुडघे किंवा कंबर दुखत असेल, किंवा मशीन लावणाऱ्या मावशींना रोज दोन-दोन खेपा वाकावं लागत असेल, तर मशीन २५ ते ३० सेंमी वर घ्यावंच. यात काटकसर नको. ३० च्या वर मात्र जाऊ नये. ४० सेंमीवर गेलात तर माथा सव्वा मीटरवर जातो, पाच फुटांच्या आतल्या बाईला साबणाच्या खणात नीट दिसत नाही, आणि मशीनवर कपड्यांच्या घड्या करायची सोयही जाते.

वाकण्याचा त्रास कुणालाच नसेल तर १० ते १२ सेंमी पुरे. एवढ्यानेही दोन कामं होतात. पावसात किंवा नानी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड) तुंबून बाल्कनीत पाणी साचलं तरी मशीनचा तळ कोरडा राहतो. आणि खालच्या कोपऱ्यातला ड्रेन फिल्टर साफ करता येतो. त्याचं झाकण उघडलं की आत साठलेलं पाणी भसकन बाहेर येतं. मशीन जमिनीलगत असेल तर त्याखाली साधी ताटलीही सरकत नाही, म्हणून मग फिल्टर महिनोन्‌महिने कुणी उघडतच नाही आणि एक दिवस बटण नाहीतर नाणं पंपात अडकतं.

आता कशावर. अमेरिकेत मशीनखाली खण असलेले पेडेस्टल असतात, ते त्याच कंपनीने त्या मॉडेलसाठीच केलेले असतात आणि मशीनला बोल्टने जोडले जातात. आपल्याकडे मिळणारा लांबी-रुंदी कमीजास्त होणारा, चाकांचा स्टँड म्हणजे नुसता टेकू. फ्रंट लोडसाठी तो घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

कारण हिशेबातच दिसतं. स्पिनमध्ये, म्हणजे कपडे पिळताना, ड्रमचा वेग १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २० फेरे. ३०० ग्रॅमचा असमतोल केंद्रापासून २५ सेंमीवर असला, म्हणजे ओल्या टॉवेलचा एक बोळा एका बाजूला राहिला, तर तो साधारण १२० किलो वजनाइतक्या जोराने ड्रमला बाहेर ओढतो. त्या ओढीची दिशाही सेकंदाला २० वेळा फिरते. टबला बांधलेले काँक्रीटचे ठोकळे, वरच्या स्प्रिंगा आणि खालचे शॉकअप यातला बराचसा जोर जिरवतात. उरलेला चार पायांतून खाली उतरतो. खाली फरशी असेल तर प्रश्न मिटला. खाली सरकत्या पाइपांचे ढिले सांधे आणि चाकं असतील तर स्टँड स्वतःच डोलायला लागतो, आणि त्याचा डोलण्याचा वेग ड्रमच्या वेगाच्या जवळ गेला की हादरा आणखी वाढतो. मशीन "चालायला" लागतं ते असं. मऊ रबर किंवा फोमचे पॅड घातले की हेच होतं. पॅड हवा तर कडक रबराचा, १० ते १५ मिमी जाडीचा.

स्वतःचं घर असेल तर विटांचा ओटा सगळ्यात चांगला. तो भरीव करू नका. ६५ बाय ६५ सेंमी आणि ३० सेंमी उंच भरीव विटकामाचं वजन २४० किलोच्या घरात जातं, बाल्कनीच्या स्लॅबवर ते ओझं कशाला? दोन बाजूंना १० सेंमी जाडीच्या भिंती आणि वर ४० मिमी कडप्पा, एवढ्यात निम्म्याने वजन वाचतं आणि मधल्या पोकळीत साबणाचे डबे राहतात. गवंडी येण्याआधी मशीनच्या पायांमधलं अंतर मोजून ठेवा. पाय बरोबर भिंतींच्या डोक्यावर यायला हवेत. ते कडप्प्याच्या मधल्या भागावर आले तर स्पिनच्या हादऱ्याने दगडाला कधीतरी तडा जातो. वरचा दगड पॉलिश केलेला नको, त्यावर पाय घसरतात. कडप्प्याची खरबरीत बाजू वर घ्या.

ड्राय बाल्कनीला नानी ट्रॅपकडे उतार असतो. १०० ला १ धरला तरी मशीनच्या रुंदीत ६ मिमीचा फरक पडतो. तो ओट्यातच काढा, म्हणजे मशीनचे पाय फार बाहेर काढावे लागत नाहीत. पाय जितके आत, तितकं मशीन घट्ट. कडप्पा बसवताना दोन्ही दिशांनी आणि कर्णावर स्पिरिट लेव्हल लावून बघा, गवंड्याच्या नजरेवर सोडू नका. नानी ट्रॅप ओट्याखाली जाता कामा नये आणि पाण्याची वाटही अडता कामा नये. बाल्कनीच्या फरशीत फास्टनर मारू नका, वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. पाय पकडणाऱ्या पट्ट्या मॅन्युअलमध्ये सांगितल्या असतील तर त्या कडप्प्यात मारा. ओटा पुढे ३ सेंमीपेक्षा जास्त काढू नका, नाहीतर घरातल्या लहान मुलाला कठड्याकडे चढायला आयती पायरी मिळते. बांधकामावर आठवडाभर पाणी मारा आणि मगच मशीन चढवा. चढवताना दोन माणसं हवीत; दाराला किंवा साबणाच्या खणाला धरून उचलायचं नाही.

भाड्याच्या घरात ओटा बांधता येत नाही. तिथे फॅब्रिकेटरकडून ४० बाय ४० मिमीच्या, २ मिमी जाड चौकोनी एमएस (लोखंडी) पाइपची वेल्ड केलेली फ्रेम करून घ्या, तिन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या आणि खाली स्क्रूचे पाय, चाकं नकोत. उंची शक्यतो १५ सेंमीच्या आत ठेवा. रेडऑक्साइडवर ऑइलपेंटचे दोन हात दिले नाहीत तर ती पहिल्याच पावसाळ्यात गंजायला लागते.

उंची वाढली की पाण्याचं गणित बदलतं आणि इथे प्लंबरही चुकतात. बहुतेक मॅन्युअल सांगतात की ड्रेन पाइपचं तोंड मशीनच्या तळापासून ६० ते १०० सेंमी वर हवं. आपल्याकडे ते सर्रास जमिनीवर नानी ट्रॅपमध्ये सोडलेलं असतं. तोंड ड्रममधल्या पाण्याच्या पातळीखाली असलं की सायफन लागू शकतो: पाणी भरतानाच वाहून जातं, मशीन पुन्हा पुन्हा पाणी घेत राहतं आणि धुलाई संपतच नाही. मशीन ३० सेंमी वर घेतलं की हा उतार आणखी वाढतो. उपाय म्हणजे भिंतीलगत उभा पीव्हीसी पाइप, ज्याचं वरचं तोंड जमिनीपासून ९० ते १३० सेंमीवर येईल. ड्रेन पाइप त्यात वरून १०-१५ सेंमी आत सोडायचा, आणि फट सील करायची नाही, तिथून हवा जायला हवी. आधी मशीनसोबत आलेल्या पाइपची लांबी पुरते का ते बघा.

नळ मशीनमागे एक मीटरच्या आसपास असेल तर उचललेलं मशीन त्यालाच अडतं आणि भिंतीपासून पुढे राहतं, तेव्हा नळ बाजूला किंवा वर सरकवण्याचा खर्च धरा. पाण्याचा दाब ३० सेंमीने फक्त ०.०३ बार कमी होतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर दाब मुळातच कमी असतो, तिथे अडचण या उंचीची नसते, दाब वाढवणारा बूस्टर पंप नसल्याची असते.

मशीनवर ड्रायर रचायचा असेल तर उचलण्याचा विचारच सोडा. दोन्ही मिळून १७० सेंमी होतात, त्यात ३० घातले की ड्रायरच्या बटणांना हात पोचत नाही.

मशीन जागेवर बसलं की समोरासमोरचे कोपरे तळव्याने आळीपाळीने दाबा. जरा जरी डुगडुगलं तरी पाय फिरवून जुळवा आणि प्रत्येक पायाचा चेक नट (पाय फिरू न देणारा नट) वर मशीनच्या पत्र्याला घट्ट कसा. नट सैल राहिले तर पाय स्पिनमध्ये आपोआप फिरतात. मग चारही पायांभोवती पेन्सिलने खूण करा. आधी रिकामं मशीन पूर्ण वेगाने फिरवा, नंतर ३-४ किलो मिसळ कपडे घालून. नुसती एक चादर घालू नका, तिचा गोळा होऊन खोटा निकाल मिळतो. रिकाम्यातच पाय खुणेबाहेर गेला तर दोष बैठकीत किंवा लेव्हलमध्ये आहे. नवीन मशीन जागेवरच धडधडत असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढायचे राहिलेत का ते आधी बघा.