डिकीत ठेवलेली लेन्स

ऐरोलीला ऑफिसात लंच टेबलवर, ठाण्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि हल्ली तर नणंदेच्या सासरकडूनसुद्धा मला एकच प्रश्न येतो, की आम्ही गाडी घेऊन कोकणात चाललोय, कॅमेऱ्याचं काय काय घेऊ? विचारणाऱ्याला बहुतेक लेन्सची नावं हवी असतात. मी उलट विचारते, बॅग गाडीत कुठे ठेवणार? मग समोरचा बघतो की हिला प्रश्न कळलाय की नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हे शहाणपण मला आगरदांडा-दिघी फेरीबोटीवर आलं. मुरुडला एक मुक्काम करून आम्ही दिवेआगरला चाललो होतो, नवरा, मुलगा, सासूबाई आणि मी. निघायच्या आदल्या रात्री मी कपाट रिकामं केलं होतं, १८-१३५ आणि ७०-३०० या दोन झूम लेन्स, पन्नासची प्राइम (म्हणजे झूम न होणारी लेन्स), ट्रायपॉड, फ्लॅश, सगळं. एवढी मोठी बॅग साहजिकच डिकीत गेली, आणि तिच्यावर दोन ट्रॉल्या, नारळांची पिशवी आणि मुलाची फुटबॉलची जाळी. फेरीवर गाड्या एकमेकींना चिकटवून लावतात, आमच्या मागे एक जीप इतकी टेकून उभी होती की डिकी अर्धीसुद्धा उघडेना. आणि नेमकी तेव्हाच एक ब्राह्मणी घार, ती पांढऱ्या डोक्याची विटकरी, पाण्यावरून मासा उचलून आमच्या डोक्यावरून दोनदा फिरून गेली, पायात मासा वळवळतोय, पंखांतून ऊन येतंय. मी डिकीच्या फटीत हात घालून झिप शोधतेय. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वर बघ तरी!" बघितलं. तेवढंच.

तेव्हापासून नियम असा, की सीटवर बसल्या जागी ज्याला हात पोचत नाही ते घेतलंच नाही असं धरायचं. म्हणजे एक बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा), तिला लावलेली एक झूम, आणि फार तर दुसरी एक लेन्स, सगळं एका छोट्या बॅगेत, माझ्या पायाशी.

कुठली झूम हे मला विचारू नका, तुमच्याच फोटोंना विचारा. मागच्या दोन ट्रिपचे फोटो काँप्युटरवर फोकल लेंथप्रमाणे, म्हणजे लेन्सच्या त्या मिलिमीटरच्या आकड्याप्रमाणे (आकडा लहान तेवढं दृश्य रुंद), लावून बघा, प्रत्येक फोटोत ती माहिती असतेच. माझे बहुतेक १८ ते ३५ मधले निघाले. पन्नासच्या प्राइमवर काय होतं तर सासूबाईंचा एक पोर्ट्रेट, कारण माझी बॉडी क्रॉप सेन्सरची, म्हणजे आतला सेन्सर लहान, तिच्यावर ती ५० ची लेन्स ७५ सारखी वागते आणि गाडीत किंवा खानावळीत मागे सरकायला जागाच नसते. फोटो झकास आहे पण, फ्रेम करून लावलाय.

नेरुळच्या तलावावर फ्लेमिंगो बघायला जाताना मात्र मी मैत्रिणीची १५०-६०० मागून घेते, जवळजवळ दोन किलोचं धूड आहे ते, पण तिथे जायचंच पक्ष्यांसाठी असतं आणि कोणी मागच्या सीटवरून भूक लागली म्हणत नसतं. रोड ट्रिप तशी नसते. गाडी थांबते ती चहासाठी, नाहीतर मुलाला उलटी आली म्हणून, आणि त्या पाच मिनिटांत जे हातात असेल तो तुमचा कॅमेरा.

ट्रायपॉड मी फक्त पावसाळ्यात घेते, धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं असेल तर शटर अर्धा सेकंद उघडं राहतं आणि तेवढा हात कोणाचाच स्थिर नसतो. एरवी उशीच्या जुन्या अभ्र्यात दीड किलो तांदूळ भरून शिवून घेते. खिडकीची काच खाली करायची, अभ्रा दारावर ठेवायचा, वर लेन्स टेकवायची आणि इंजिन बंद करायला सांगायचं, नाहीतर सगळी थरथर फोटोत येते.

सीपीएल फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची चकाकी कापणारी काच, पावसाळ्यात जरूर घ्या, ओल्या पानांवरची ती पांढरी चकाकी जाते आणि हिरवा खरा हिरवा दिसतो. दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), ते धरून चालायचं. फक्त बाजूच्या काचेतून फोटो काढताना काढून ठेवा, कारण ती काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते आणि सीपीएलमधून तिच्यावर ठिपके नाहीतर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. मी अख्खा दिवस लेन्स खराब झाली म्हणून रडत होते.

आणि एसी! तीन तास थंडगार गाडीत राहिलेला कॅमेरा कोकणातल्या दमट हवेत काढला की लेन्सवर धुकं धरतं, पुसलं की परत धरतं. पोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडायच्या, घरचे कुरकुर करतील, करू देत. नाहीतर कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून बाहेर काढायचा, बाष्प पिशवीवर धरतं, काच वाचते. घरी आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात टाकू नका, माझ्या एका लेन्समध्ये अशीच बुरशी शिरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता हवाबंद डबा आणि सिलिका जेल. तांदळाच्या डब्यात ठेव असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, तांदळाची पूड झूमच्या रिंगेत जाऊन बसते. (माझा अभ्रा दुहेरी शिवलेला आहे, विचारणारच होतात ना?)

बाकी बॅटऱ्या तीन, गाडीत लावायचा चार्जर, आणि १२८ जीबीच्या एका मेमरी कार्डाऐवजी ६४ ची दोन. एक हरवलं तर अर्धी ट्रिप तरी हातात राहते. वाइड फोटोला फोन आहेच.

येत्या शनिवारी आम्ही परत दिवेआगरला चाललोय, परत त्याच फेरीने. काल अभ्रा उसवून ताजे तांदूळ भरत होते, तर सासूबाईंनी विचारलं कुठले तांदूळ. म्हटलं कोलम. "मग येताना त्याचीच खिचडी टाकू," म्हणाल्या, आणि पापडांचं पाकीट माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत सरकवलं.