सगळेच अ‍ॅडमिन

आज दिवसभर ऑफिसात लोकांचे हक्क काढून घ्यायचं पुण्यकर्म केलं.

थकलेल्या बिलांची आठवण पाठवणारा आमचा वर्कफ्लो एनएटएन (n8n) या कामं आपोआप करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतो. सुरुवातीला घाई होती, म्हणून आठच्या आठ जणांना मीच प्रोजेक्ट अ‍ॅडमिन करून टाकलं होतं. 'कोण कशाला हात लावतंय!' सोमवारी नव्या मुलाने हात लावला. एक फिल्टर उडवला, आणि पैसे भरून मोकळ्या झालेल्यांनाही 'थकबाकी त्वरित भरा' असे मेल गेले. एका काकांनी फोनवर विचारलं, "पावती फ्रेम करून पाठवू का?" मुलगा रडवेला झाला होता, पण खरं तर चूक माझीच.

तर आज यादी घेऊन बसलो. दोन अ‍ॅडमिन, तीन एडिटर, बाकी तिघे व्ह्यूअर. व्ह्यूअरला वर्कफ्लो दिसतो. तो बदलता येत नाही, हाताने चालवताही येत नाही. मला सगळ्यात आवडली ती क्रेडेन्शियलची, म्हणजे तिथे साठवलेल्या लॉगिनची सोय. आपण ते शेअर केलं की समोरचा वापरू शकतो, पण आतला पासवर्ड त्याला दिसत नाही. इतके दिवस आम्ही तो पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करून ठेवला होता. हसू नका, तुमच्याकडेही असेल.

संध्याकाळी अकाउंट्सच्या ताई टेबलाशी आल्या. "माझं अ‍ॅडमिन का काढलं? मी काय केलं?"

"काहीच नाही ताई. दोन वर्षांत एकदाही उघडलं नाहीत."

चहाला आज मी एकटाच गेलो.