स्टिकरवरचा एक शब्द

मागच्या डिसेंबरात मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात तांदळाच्या पिशव्यांसाठी दोनशे स्टिकर छापून घेतले. वर ठळक 'इंद्रायणी', खाली 'कोळवण खोरे, ता. मुळशी', आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत 'पर्यावरणस्नेही'. हा शेवटचा शब्द माझा. छापणाऱ्याने पानाचं चित्र फुकट टाकून दिलं.

दरवर्षी भात भरडून झालं की काकांचा आणि आमच्या वाट्याचा मिळून आठशे किलो तांदूळ पिकअपमध्ये घालून कोथरूडला आणतो. सोसायटीत आणि ऑफिसात पाच-पाच किलोच्या पिशव्या खपतात. मागच्या वर्षी पिशव्या गावाकडेच भरल्या. स्टिकर चिकटवताना काकीने एक हातात घेतला, लांब धरून वाचला आणि विचारलं, "पर्यावरण काय ते कळलं. स्नेही म्हंजी?"

"म्हणजे पर्यावरणाला त्रास न देता पिकवलेला. लांबून ट्रकने न आणलेला."

"मग राब काय तुझ्या सोसायटीत भाजत्यात व्हय?"

राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर पाला-फांद्या जाळणं. ती हसली आणि कामाला लागली. मी मात्र अडकलो. पेशाने हिशेबनीस आहे, न जुळलेला आकडा मला झोपू देत नाही. घरी येऊन आधी वाहतुकीचा हिशेब मांडला. कोळवण ते कोथरूड साधारण चाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन ऐंशी. पिकअपला सात लिटर डिझेल धरू. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एकूण एकोणीस किलो, भागिले आठशे. किलोमागे २४ ग्रॅम. छाती फुगली. मग हरियाणातल्या बासमतीचाही हिशेब केला. पंधराशे किलोमीटर, सोळा टन माल, लिटरला चार किलोमीटर देणारा ट्रक. उत्तर आलं किलोमागे ६३ ग्रॅम. फरक फक्त ३९ ग्रॅमचा.

आणि पिकवतानाचं काय? २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतल्या अडतीस हजारांवर शेतांच्या माहितीवरून एक मोठा अभ्यास आला होता. त्यात एक किलो तांदळामागे सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजून सरासरी चार किलोच्या आसपास निघतात. चार हजार ग्रॅम! ही जगाची सरासरी, आमच्या भातखाचराचा आकडा नव्हे. पण तो निम्मा धरला तरी माझे ३९ ग्रॅम त्यात कुठे दिसणार? ज्या गोष्टीची मी जाहिरात करत होतो ती खतावणीत किरकोळ खर्चात जाणारी होती.

मोठा खर्च चिखलात आहे. आवणीला, म्हणजे भातलावणीला उतरलेल्या कुणालाही तो माहीत असतो, फक्त नावाने नसतो. गुडघाभर चिखलातून पाय उपसला की त्या खड्ड्यातून बुडबुडे येतात, आणि कुजका वास येतो. लहानपणी आम्ही ते बुडबुडे मुद्दाम काढायचो. खाचरात पाणी तुंबलं की मातीत हवा शिरत नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू मग कुजलेला पालापाचोळा, जुनी धसकटं खाऊन मिथेन तयार करतात. वास दुसऱ्या वायूंचा, मिथेनला वास नसतो. आणि बुडबुडे ही तर वरवरची गोष्ट. बराचसा मिथेन भाताच्या रोपातूनच वर जातो. मुळांना हवा पोचावी म्हणून भाताच्या देठात पोकळ्या असतात, त्याच वाटेने हा उलटा बाहेर पडतो. हे वाचलं तेव्हा भाताच्या चुडाकडे, म्हणजे रोपांच्या जुडग्याकडे बघायची माझी नजरच बदलली. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट हवा तापवतो. उरलेला भात ओल्या कचऱ्यात घातला आणि तो कुठल्या तरी ढिगात दबून सडला, की त्याच दाण्यातून तोच वायू दुसऱ्यांदा.

उपाय पुस्तकात आहे. खाचर सतत भरलेलं ठेवायचं नाही. भोकं पाडलेला पाइप मातीत रोवायचा, पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर उतरलं की मगच पुन्हा भरायचं. मी उत्साहाने काकांना फोन केला. ते पूर्ण ऐकून घेतात, ही त्यांची पद्धत. मग म्हणाले, "आषाढात पाऊस तू बंद करणार का मी?"

कालव्याच्या पाण्यावर भात असता तर गोष्ट वेगळी. आमची खाचरं पायऱ्यांसारखी. वरच्याचं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात, खालच्याचं ओढ्यात. मधल्याने आपलं खाचर कोरडं करायचं ठरवलं तरी वरून येतच राहतं. शिवाय उभं पाणी गवत दाबून धरतं. पाणी काढलं की बेणणीला बायका लावा, आणि आता बायका मिळतात कुठे? पिरंगुटच्या कंपन्यांच्या गाड्या सकाळी सातला न्यायला येतात.

राबाचं तसंच. ऐनाच्या फांद्या तोडायच्या, शेण, पाला, गवत रोपवाटिकेच्या वाफ्यावर पसरायचं, वर माती, आणि उन्हाळ्यात वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. डोंगर उघडे पडतात, धूर होतो, सगळं खरं. पण त्या आचेत गवताचं बी मरतं आणि रोप तरारून येतं. याला पर्याय म्हणून चारसूत्री लागवड आली. रोपवाटिकेत तुसाची काळी राख, चिखलणीत गिरीपुष्पाच्या झाडाचा पाला, दोरीवर २५-१५-२५ सेंटिमीटरची लावणी, आणि चार चुडांच्या मधे युरिया-डीएपी खतांची एक गोळी खोल खोचायची. गोळी फार हुशार कल्पना आहे. फेकलेला युरिया पाण्याबरोबर बांधावरून निघून जातो. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि तो मिथेनपेक्षाही कितीतरी पट जहाल. चिखलात पुरलेली गोळी मुळापाशीच राहते, खतही कमी लागतं. पण युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इतकं स्वस्त खत वाचवण्यासाठी एकरी पंचवीस हजार गोळ्या हाताने खोचायच्या. पंचवीस हजार वेळा कोण वाकणार? काकी. हा मुद्दा मला एकाही माहितीपत्रकात दिसला नाही.

उद्या कुणी प्लॉटवाला 'भातशेती प्रदूषण करते' म्हणत आमच्या बांधावर उभा राहील, म्हणून हेही सांगतो की खोऱ्यात ज्या खाचरांवर बंगले झाले तिथे आता लॉन आहे आणि लॉनला बोअरचं पाणी आहे. ते मला चालणार नाही.

इतकं करून यंदा झालं काय? राब थांबला नाही. गोळ्या अर्ध्या एकरात खोचल्या, त्यात माझा एक रविवार आणि कंबर गेली. श्रावणात उघडीप मिळाली तेव्हा काकांनी स्वतःहून सगळ्यात खालच्या दोन खाचरांची तोंडं फोडली आणि आठ दिवस जमिनीला भेगा पडू दिल्या. फुटवे फुटून झाले होते, भात पोटरीत यायला, म्हणजे कणीस धरायला अवकाश होता. तेवढीच फट होती. भाताला काही झालं नाही. एका खाचरात गवत माजलं, ते काकीने काढलं आणि काढताना मला फोन करून ऐकवलं.

उरलेले स्टिकर होते. नवे छापायचे पैसे जिवावर आले, म्हणून यंदा प्रत्येकावरच्या त्या शब्दावर काळ्या मार्करने पट्टी मारली. पानाचं चित्र तसंच राहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पिशवी घेताना पट्टी नखाने खरवडून पाहिली. "काय खोडलंय? एक्स्पायरी?"

मी राब, बुडबुडे, गोळ्या, सगळं सांगितलं. लिफ्टचं दार दोनदा वाजून गेलं. त्या पिशवी हातात तोलत ऐकत होत्या.

"म्हणजे उरवायचा नाही," त्या म्हणाल्या. "बरं, नवा आहे ना? मग वाटीला पाणी किती घालू?"

"दीड," मी म्हणालो. "दोन घातलंत तर गिचका होईल."