मूळपुरुषाचा वीरगळ त्रिमितीत उतरवताना

देवळामागचा एखादा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा, आपल्या मूळपुरुषाचा आहे असं भावकी मानत असेल, तर अनेक बाजूंनी घेतलेले फोटो सॉफ्टवेअरमध्ये जुळवून त्याचं त्रिमितीय मॉडेल करणाऱ्याचा हात हमखास एका ठिकाणी घसरतो. झिजलेल्या चेहऱ्याला मिशा येतात, तुटलेली तलवार पुरी होते. ते कटाक्षाने टाळावं. दगडावर आज जे आहे ते एका फाइलमध्ये आणि आपला तर्क दुसऱ्या, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, म्हणून घराण्याची परंपरासुद्धा माहितीपत्रकात परंपरा म्हणूनच नोंदवावी.

वीरगळाची घडण आधी समजून घ्या. सर्वसाधारणपणे खाली पडलेला वीर, त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गी नेताहेत, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश किंवा चंद्र-सूर्य. चौकटींची संख्या बदलते, प्रसंगही बदलतात. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. कुठली चौकट किती झिजली आहे यावरून कुठे जवळून फोटो घ्यायचे ते ठरतं. स्मारक संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाची, पूजेत असेल तर गावकऱ्यांची परवानगी आधी घ्या.

दिवस ढगाळ निवडा. उन्हात सावली सरकते आणि सॉफ्टवेअर तिलाच आकार समजतं. कॅमेरा मॅन्युअलवर, अ‍ॅपर्चर एफ/8, आयएसओ 100 ते 200, फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फॉरमॅटमध्ये. झूम हलवायचा नाही, फोकस एकदा जुळवून ऑटोफोकस बंद. मोबाइल वापरत असाल तर तो आपोआप दुसऱ्या लेन्सवर जाणार नाही याची खात्री करा.

अंतराचं गणित सोपं आहे. 24 मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, 35 मिमी लेन्स आणि 1.5 मीटर अंतर असेल तर एका पिक्सेलमध्ये सुमारे 0.17 मिमी दगड येतो. कोरीवकाम दोन-तीन मिमी खोल उरलं असेल तरी ते नीट सापडतं. या अंतरावरून आडव्या फोटोत साधारण एक मीटर रुंदी मावते. 80 टक्के भाग पुढच्या फोटोत यायला हवा, म्हणजे दर वेळी 20 सेंटिमीटरच सरकायचं. शिवाय तीन उंचींवरून, दर 10 अंशांवर एक, अशी दगडाभोवती पूर्ण फेरी. फेऱ्यांचेच 108 फोटो होतात. माथ्यासाठी कॅमेरा काठीवर चढवा.

सगळ्यात जास्त गोंधळ कडांवर होतो. वीरगळ ही पातळ शिळा. पुढून मागे जाताना कडेचे फोटो कमी पडले की दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मॉडेलचे दोन वेगळे तुकडे हाती येतात. कडेपाशी दर पाच अंशांवर फोटो घ्या. दुसरी गडबड लवकर दिसत नाही: सगळे फोटो अगदी समोरून घेतले तर लेन्सच्या विकृतीचा हिशोब चुकतो आणि सपाट शिळा बशीसारखी किंचित वाकते. दोन्ही बाजूंनी तिरके, 30 अंशांचे फोटो मिसळले की ती सरळ राहते.

शेंदूर आणि तेलाचा थर चमकतो, त्या जागी खड्डे किंवा खडबडीतपणा उमटतो. तो खरवडायचा नाही, खडूही फिरवायचा नाही. अंधार पडल्यावर फक्त फ्लॅशच्या उजेडात फोटो घ्या: फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म (प्रकाशाच्या लहरी एकाच दिशेत ठेवणारी), लेन्सवर तसाच पोलरायझर, आणि दोन्ही एकमेकांशी 90 अंशांत. चमक जवळजवळ नाहीशी होते.

माप ठरवायला शेजारी 50 सेंटिमीटरच्या दोन पोलादी पट्ट्या ठेवा. एकीवरून मॉडेलचं माप ठरवा, दुसरीवर ते तपासा. एकच पट्टी असेल तर चूक कळायला मार्ग नाही.

फोटोंच्या जुळणीसाठी मेशरूम हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याच्या तपशीलवार टप्प्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. मेटाशेप हे दुसरं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. आकाश आणि झाडं मास्क करा, म्हणजे जुळणीतून झाकून टाका, नाहीतर कडांवर आकाशाचा रंग चिकटतो. मॉडेलचं जाळं, म्हणजे छोट्या त्रिकोणांचा पृष्ठभाग, बनवताना काही सॉफ्टवेअर तळाचं भोक आपोआप बुजवतात. दगड जमिनीत गाडलेला असेल तर हा तळ खोटा असतो. तो कापून टाका आणि मॉडेल खालून उघडंच ठेवा. खालची चौकट दिसावी म्हणून उकरू नका.

सगळ्यात फळ देणारं काम यापुढे आहे. मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचा रंग काढून टाका आणि रेडियन्स स्केलिंग (उंचसखलपणा ठळक करणारी छटा) लावा. शेवाळ आणि शेंदराच्या डागांनी झाकलेली ढालीची कड, घोड्याचा लगाम, कधी अक्षरांचे अवशेषही नुसत्या आकारातून वर येतात. जागेवर बॅटरीच्या तिरप्या उजेडात काढलेले फोटो वाचनाला उपयोगी पडतात, पण ते जुळणीच्या संचात टाकू नका.

वेबसाठी 50 लाख त्रिकोणांचं जाळं दोन-तीन लाखांवर आणा, बारकावे नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात) बेक करा, म्हणजे उतरवा, आणि जीएलबी (वेबवर चालणाऱ्या त्रिमितीय मॉडेलची) फाइल द्या. मूळ रॉ फोटो मात्र जपा. पुढे सॉफ्टवेअर सुधारलं की त्याच फोटोंतून अधिक चांगलं मॉडेल निघेल. आणि तर्काची फाइल करायचीच असेल तर तिच्यातला प्रत्येक जोडलेला भाग वेगळ्या रंगात दाखवा, आणि तो कोणत्या आधाराने जोडला ते शेजारी लिहा.